तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत: एका लग्नसराईत वापरलेले पेनड्राइव्ह

आमचं काम लग्नाच्या शूटिंगचं. गाव अमळनेर, पण लग्नं पारोळा, चोपडा, धरणगाव, शिरपूर, कधी पार शहाद्यापर्यंत. कॅमेरा नवरा सांभाळतो, मिक्सिंग माझ्याकडे. त्यामुळे पेनड्राइव्ह विकत घेणं, भरणं, देणं आणि नंतर ‘ताई, चालत नाही हो’ हे ऐकून घेणंही माझ्याकडेच. डीव्हीडी मागणारं आता कोणी उरलेलं नाही. अल्बमच्या पेटीलाच पेनड्राइव्हसाठी खाच कापलेली येते.

या सिझनला तीन तऱ्हेचे घेतले होते. गिऱ्हाइकांना द्यायला सँडिस्क अल्ट्रा, यूएसबी ३.०, ६४ जीबी. घर, दुकान आणि जळगावची अल्बम छापणारी लॅब यांच्यात डेटा न्यायला-आणायला सॅमसंग बार प्लस, १२८ जीबी. आणि नवरीच्या भावाने मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मांडवातच उतरवून घ्यायला एक दोन तोंडांचा, टाइप-सीवाला. या तिसऱ्याची कंपनी सांगत नाही. त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं फारसं नाही, आणि एका नगावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. निकाल आधीच सांगते. बार प्लस पसंत, अल्ट्रा द्यायच्या कामाला पुरेसा, दोन तोंडांचा परत घेणार नाही.

पेनड्राइव्ह घेताना लोक जीबी बघतात, फार तर पाकिटावरचा स्पीड बघतात. तो स्पीड डेटा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. १३०, ३००, ४०० एमबी असे जे ठळक आकडे छापलेले असतात ते सगळे ‘पर्यंत’वाले, आणि ड्राइव्हमधून डेटा बाहेर काढतानाचे. आत भरताना काय वेग मिळेल हे बऱ्याच पाकिटांवर लिहिलेलंच नसतं. माझं तर निम्मं आयुष्य भरण्यात जातं.

हिशेब करून बघा. एका लग्नाचा सगळा माल, म्हणजे पूर्ण व्हिडिओ, हायलाइट्स आणि फोटो मिळून, साधारण ३० जीबी धरा. स्वस्तातला यूएसबी २.० पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने भरला, तर तासापेक्षा जास्त वेळ लागतो. ५० एमबीने भरणारा हेच काम १० मिनिटांत उरकतो. गिऱ्हाईक समोर खुर्चीवर बसलेलं असतं, त्याला दुपारची पाचोऱ्याची गाडी पकडायची असते, आणि पडद्यावर ‘४७ मिनिटे बाकी’. मग चहा मागवावा लागतो. सिझनभर असे चहा पाजले तर महाग पेनड्राइव्ह स्वस्त वाटायला लागतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. काही ड्राइव्ह सुरुवातीला झपाट्याने भरतात आणि काही जीबी गेल्यावर एकदम मंदावतात. ड्राइव्ह बिघडला असं वाटतं, पण तसं नसतं. आतल्या चिपचा काही भाग पटापट लिहिण्यासाठी वापरलेला असतो. खळ्यावर आधी माल उतरवून घ्यायचा आणि मग सवडीने कोठीत भरायचा, तसं ते चालतं. खळं भरलं की बाकीच्या गाड्या थांबतात. म्हणून दुकानात १ जीबीची फाइल टाकून ‘बघा ताई, किती फास्ट’ असं दाखवलं, तर त्यावर जाऊ नका. निदान १५-२० जीबी एका दमात टाका आणि शेवटचे पाच जीबी कसे जातात ते बघा. बार प्लस इथेच मला आवडला. तोही नंतर खाली येतो, पण रांगायला लागत नाही.

यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत, वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. पाकिटावर ३.२ दिसलं म्हणून शंभर रुपये जास्त देऊ नका. ‘जेन २’ लिहिलं असेल तरच १० गिगाबिटची गोष्ट. २.० म्हणजे ४८० मेगाबिट, आणि प्रत्यक्षात पदरात पडतात सेकंदाला तीसेक एमबी. ड्राइव्ह ३.० चा असला तरी कॉम्प्युटरचं भोक २.० चं असेल तर वेग २.० चाच. आमच्या जुन्या कॅबिनेटला पुढची दोन्ही भोकं काळी, निळी मागे. निळी म्हणजे बहुतेक ३.०. मी मागून एक चांगली एक्स्टेन्शन वायर काढून टेबलावर आणली, तेव्हा कुठे या ड्राइव्हचे पैसे वसूल झाले.

आता उन्हाचं. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पलीकडे जातो हे खान्देशात कोणाला सांगायला नको. पेनड्राइव्हच्या तपशिलात चालवण्याचं तापमान दिलेलं असतं. काही कंपन्या ० ते ४५ अंश लिहितात, काही ० ते ६०. म्हणजे आमच्या मे महिन्यातली साधी सावलीच काहींच्या मर्यादेला टेकलेली. आणि उभ्या मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ठेवून द्यायची मर्यादा चालवण्याच्या मर्यादेपेक्षा वर असते, त्यामुळे डिक्कीत राहिलेला पेनड्राइव्ह सहसा लगेच मरत नाही. पण तापलेला काढून तसाच लॅपटॉपला लावून ४० जीबी भरायला घेऊ नये. आधी सावलीत थंड होऊ द्यावा. आम्ही ड्राइव्ह कॅमेऱ्याच्या बॅगेत, कापडी कप्प्यात ठेवतो, आणि बॅग गाडीत न ठेवता वधूपक्षाच्या खोलीत.

बार प्लस कॉपी चालू असताना हाताला चांगलाच गरम लागतो. पहिल्यांदा घेणारे यावरून तक्रार करतात. अंग धातूचं आहे, आतली उष्णता बाहेर आणून सोडतं, म्हणून हाताला जाणवते. प्लॅस्टिकवाला गार लागतो याचा अर्थ आतली चिप गार आहे असा नाही. त्याला टोपण नाही, हलणारा भाग नाही, किल्लीच्या जुडग्यात अडकवायला भोक आहे. टोपण नसल्याने तोंडात धूळ जाते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर बारीक तंतूसुद्धा. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने साफ करते. फुंकर मारत नाही, थुंकीचा ओलावा जातो.

अल्ट्राला मागून सरकवायची पट्टी आहे, तोंड आत-बाहेर होतं. टोपण हरवायचा प्रश्नच नाही, म्हणून गिऱ्हाइकाला बरा. ६४ जीबीचा कॉम्प्युटरला लावला की ६४ दिसत नाहीत, ५९ च्या आसपास किंवा थोडे कमीच दिसतात. यावरून दर सिझनला कोणाचा तरी फोन असतो, ‘पाच जीबी गेले कुठे?’ कोणी खाल्लेले नसतात. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. १२८ वाल्यात ११९ पर्यंत दिसले तर तोही पूर्ण भरलेलाच समजायचा.

दोन तोंडांच्या ड्राइव्हला माझी हरकत अशी, की टाइप-सीचं तोंड मोबाइलला जाड कव्हर असेल तर पूर्ण आत बसत नाही, आणि जरा हलला की संपर्क तुटतो. मांडवात पन्नास लोक धक्का देत असतात. कॉपी अर्ध्यावर तुटली की अर्धवट फाइल नाव दाखवते आणि उघडत नाही. शिवाय काही मोबाइल एनटीएफएसवर (ही विंडोजची फाइली मांडून ठेवायची एक पद्धत, म्हणजे फॉरमॅट) तयार केलेला ड्राइव्ह ओळखतच नाहीत. आता आम्ही मोबाइलवरून घ्यायचं ते कव्हर काढून, साध्या केबलने थेट लॅपटॉपवर घेतो.

खरी डोकेदुखी मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला असते. सासुरवाशिणी माहेरी येतात, सोबत पेनड्राइव्ह आणतात, आणि सासरच्या टीव्हीवर लग्न लागत नाही अशी तक्रार असते. ड्राइव्ह चांगला असतो, फाइल चांगली असते, भांडण टीव्हीचं आणि फॉरमॅटचं असतं. फॅट-३२ हा फॉरमॅट जवळजवळ सगळे टीव्ही, गाडीचे टेप, होम थिएटर ओळखतात, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तीन तासांचं लग्न एका फाइलमध्ये करायला गेलं की हमखास ४ च्या वर जातं, आणि जागा रिकामी असूनही कॉम्प्युटर ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो. एक्सफॅटमध्ये ती अडचण नाही, पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. अजून गावोगावी दहा वर्षांपूर्वीचे एलईडी टीव्ही भिंतीवर आहेत, ते कोणी लग्नाच्या व्हिडिओसाठी बदलणार नाही.

यावर माझा तोडगा असा. व्हिडिओ सेकंदाला ८ मेगाबिटने काढायचा. म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. तासातासाचे तुकडे पाडायचे, हळद वेगळी, लग्न वेगळं, पाठवणी वेगळी, आणि एकही तुकडा ४ जीबीला टेकू द्यायचा नाही. आवाजाचे थोडे आणखी धरून चालायचं. व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतींपैकी एच-२६४ मध्येच काढायचं. एच-२६५ ने फाइल लहान होते, पण जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. ६४ जीबीच्या ड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट-३२ हा पर्याय दिसत नाही, ३२ जीबीपर्यंतच दिसतो. रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते काम करून देतं. फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं, हे सांगायला लागतं, कारण लोक भरलेला पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि ‘फक्त फॉरमॅट बदलून द्या’ म्हणतात.

ट्रॅक्टर आणि पिकअपवाल्यांची वेगळी तऱ्हा. आमच्या शेजारचे आप्पा अहिराणी गाणी भरून घ्यायला येतात. एकदा आले ते तावातावाने, “काबरं वो ताई, गाना उलटापालटा वाजतंस! कानबाईनं गानं पहिलं ठेयेल व्हतं, ते तिसरं वाजस.” गाण्यांच्या नावांपुढे त्यांच्या नातवाने ०१, ०२ असे आकडेही घातले होते. पण गाडीतले बरेचसे टेप नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने गाणी ड्राइव्हमध्ये उतरली त्या क्रमाने वाजवतात. ड्राइव्ह रिकामा करून गाणी एकामागून एक क्रमाने टाकली, की काम झालं. यासाठी नवा पेनड्राइव्ह घ्यायची गरज नव्हती, आणि दुकानदाराने मात्र त्यांना ‘ब्रँडेड घ्या’ म्हणून सांगितलं होतं. गाडीसाठी १६ किंवा ३२ जीबीचा, अगदी बुटका, भोकात बसल्यावर जेमतेम नखाएवढा बाहेर राहणारा ड्राइव्ह घ्या. लांबलचक घेतलात तर गियर बदलताना हात लागून तोंडापाशी मोडतो.

नकली मालाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात नुकसान पैशाचं कमी आणि डेटाचं जास्त होतं. ऑनलाइन आणि आठवडे बाजारात ‘२ टीबी’ लिहिलेले पेनड्राइव्ह काही शे रुपयांना मिळतात. खरा २ टीबीचा पेनड्राइव्ह असतो, किंग्स्टनने २०१७ साली जाहीर केला होता, पण तो या भावात येणं शक्य नाही. नकलीत असतात ८, १६ नाहीतर ३२ जीबी, आणि आतल्या कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या चिपला, कॉम्प्युटरपुढे खोटं सांगायला शिकवलेलं असतं. विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवून २ टीबी दाखवतं. तुम्ही भरत जाता, खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा सरळ टाकून दिला जातो. फाइलींची नावं मात्र सगळी दिसतात, कारण नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते. म्हणून कॉपी झाल्याझाल्या काही कळत नाही. कळतं ते महिन्याने, उघडायला गेल्यावर.

नवा ड्राइव्ह आला की मी तो आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या सॉफ्टवेअरवर लावते. जर्मनीच्या ‘सी-टी’ मासिकाने काढलेलं आहे, फुकट आहे, दिसायला अगदी साधं. ते ड्राइव्ह पूर्ण भरतं आणि मग भरलेलं परत वाचून पडताळतं. लिनक्स किंवा मॅकवाल्यांसाठी एफ-थ्री नावाचं तसंच आहे. ड्राइव्ह रिकामा असताना चालवा, आणि मोठा असेल तर रात्रभर लागेल हे धरून चाला. यात फायदा दुहेरी होतो. जागा खरी आहे का तेही कळतं आणि पूर्ण भरताना लिहिण्याचा सरासरी वेगही कळतो, पाकिटावर न छापलेला. गिऱ्हाइकांसाठी गठ्ठ्याने घेतलेल्यांतला प्रत्येक तपासायला वेळ नसतो, मग प्रत्येक गठ्ठ्यातला एखादा-दुसरा तपासते आणि बिल असलेल्या दुकानातूनच घेते. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलात तर सुटा, पाकिटाबाहेरचा माल स्वस्तात दाखवतील. तो घेऊ नका. बंद पाकीट, त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि पक्कं बिल एवढं बघा. अल्ट्रा आणि बार प्लस दोन्हींना पाच वर्षांची वॉरंटी आहे, पण बिलाशिवाय त्या पाच वर्षांचा काही उपयोग नाही. आणि वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, आतला डेटा काढून देणं त्यात येत नाही.

डेटा काढून देणाऱ्यांकडे पेनड्राइव्ह नेला तर खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. हल्ली बऱ्याच लहान ड्राइव्हमध्ये मेमरी आणि कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतात. तिथे चिप सुटी काढून वाचता येत नाही, त्या तुकड्याच्या पोटातल्या बारीक बिंदूंना वायरी जोडाव्या लागतात. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर होणारं ते काम नाही.

झेरॉक्सच्या दुकानात ड्राइव्ह लावून आल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर घाबरून फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा फाइली तिथेच असतात, व्हायरसने लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर क्लिक मात्र करायचं नाही, आधी अँटीव्हायरस फिरवायचा, मग लपवलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करून त्या उचलायच्या. छापायचं पीडीएफ एवढंच असेल तर त्यासाठी जुना ४ जीबीचा वेगळा ठेवा, कामाचा ड्राइव्ह परक्या कॉम्प्युटरला लावूच नका.

‘सेफली रिमूव्ह’ करायचं की नाही यावर आमच्याकडे घरातच वाद आहे. नवऱ्याचं म्हणणं, काही होत नाही. विंडोज १० च्या २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप चालू असतं, म्हणजे कॉपी संपल्यावर उपटला तरी सहसा बिघडत नाही, इतपत त्याचं खरं आहे. पण ‘संपल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा. अमळनेरात दुपारी लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर फॅट-३२ ची यादीच बिघडू शकते. मी इन्व्हर्टरवरच भरते, टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरने भरते, आणि त्यातली पडताळणी चालू ठेवते. वेळ जवळपास दुप्पट लागतो. एक लग्न परत भरून द्यायला शिरपूरला जाण्यापेक्षा तो परवडतो.

राहिला प्रश्न किती वर्षं टिकेल हा. गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारतं आणि उत्तर ऐकून त्याचं तोंड उतरतं. फ्लॅश मेमरीत डेटा म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्त झिरपतो, आणि कप्पे खूपदा लिहून-पुसून झिजलेले असतील तर आणखी लवकर. पूर्वी एका कप्प्यात एक बिट असायचा, आता तीन-चार कोंबतात, म्हणून स्वस्त झालं आणि म्हणूनच नाजूकही झालं. तुमच्या ड्राइव्हच्या आत यातली कोणती चिप आहे हे पाकिटावर सहसा नसतंच. त्यामुळे पत्र्याच्या कपाटात पेटीत ठेवलेला पेनड्राइव्ह मुलाच्या मुंजीला उघडू, अशा भरवशावर राहू नका. मी प्रत्येकाला सांगते, घरी गेल्यावर आधी कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा, एक प्रत गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी टाका. आमच्याकडे प्रत्येक लग्न दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असतं, एक दुकानात आणि एक घरी. पेनड्राइव्हवर एकटी प्रत कधीच नसते. चालू कामासाठी, म्हणजे ज्यावर रोज मिक्सिंग करायचं, त्यासाठी पेनड्राइव्ह वापरूच नका, पोर्टेबल एसएसडी घ्या. पेनड्राइव्हवर एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडून काम करणारे दोन-तीन पोरं माझ्या ओळखीत आहेत, त्यांचे ड्राइव्ह वर्षाच्या आत ‘राइट प्रोटेक्टेड’ दाखवायला लागले. असं दिसलं की समजायचं, कंट्रोलरला आत काहीतरी बिघडलेलं सापडलंय आणि त्याने लिहिणं बंद केलंय. तेव्हा दुरुस्तीचे व्हिडिओ बघत बसण्याआधी वाचता येतंय तोवर सगळं बाहेर काढून घ्या.

पुढच्या सिझनलाही द्यायला अल्ट्रा ६४ जीबीच घेणार आहे, कामाला आणखी एक बार प्लस. दुकानात काउंटरमागे एक जुना ३२ इंची टीव्ही मुद्दाम लावून ठेवलाय, एक्सफॅट न ओळखणारा. ड्राइव्ह भरून झाला की गिऱ्हाइकासमोर त्याच टीव्हीला लावते, प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट चालवून दाखवते, आणि मगच पेटीत घालते. या टीव्हीवर चाललेलं लग्न अजून तरी कुणाच्या घरून परत आलेलं नाही.